गुडघाभर पाण्यातला हत्ती

नदी पाहायला शिकायचं असेल तर आधी ती कुठून येते ते विचारावं. बऱ्हाणपूरची ताप्ती काही बऱ्हाणपुरात जन्माला येत नाही. ती वर मुलताईला उगवते, बैतूलचे डोंगर उतरते आणि वाटेत जे मिळेल ते पदरात घेऊन आपल्या घाटाशी पोचते. त्यामुळे आपल्या डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी तिच्या पोटात वरचा पाऊस असू शकतो. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मोठ्या माणसांनाही ठाऊक असते, पण त्यांची समिती झाली की ती त्यांच्या ध्यानातून जाते.

जुन्या लोकांनी नदी मोजायला हत्ती ठेवला होता. किल्ल्याखालच्या पात्रात खडकातूनच कोरलेला एक दगडी हत्ती आहे. त्याचा हिशोब सोपा. पाणी हत्तीच्या गुडघ्याला असेल तर पोरांनी खुशाल डुंबावं. पोटाला लागलं तर पट्टीच्या पोहणाऱ्यानंच उतरावं. पाठीवरून गेलं की नाव काठाला बांधावी आणि घरी जाऊन भजी खावी.

मग भूपेंद्रभाऊ गोव्याला जाऊन आले. भूपेंद्रभाऊ केळीचे मोठे व्यापारी. गोव्याच्या किनाऱ्यावर त्यांनी झेंडे पाहिले: हिरवा असला तर उतरा, पिवळा असला तर सांभाळा, लाल असला तर बाहेर थांबा. ते त्यांना फार आवडलं. परत आल्यावर त्यांनी ‘ताप्ती जलविहार समिती’ काढली, स्वतः अध्यक्ष झाले, चार रंगीत नावा आणल्या आणि घाटावर झेंड्याचा खांब उभा केला. सचिव झाले सुधाकरराव. आयुष्यभर कचेरीत काढलेला माणूस. त्यांनी झेंड्याचे नियम केले आणि जुनं शहाणपण वाया जाऊ नये म्हणून हत्तीचाच हिशोब घेतला. गुडघ्याला पाणी असेल तर हिरवा, पोटाला पिवळा, पाठीला लाल. मोठा फलक रंगवून लावला. इथपर्यंत सगळं उत्तम होतं.

अडचण एवढीच झाली की दगडी हत्ती फोटोत चांगला दिसेना. झिजलेला, शेवाळलेला, सोंडेचा पत्ता नाही. म्हणून समितीनं घाटाशेजारी फायबरचा नवा हत्ती बसवला. पांढराशुभ्र, पाठीवर सोनेरी झूल, चेहऱ्यावर हसू. पहिल्याच वळवाच्या पाण्यात तो कानापर्यंत बुडाला आणि त्याची झूल धुऊन गेली. भूपेंद्रभाऊ संतापले. “उद्घाटनाच्या आधीच हत्ती बुडला, तर लोक काय म्हणतील?”

त्यावर उपाय निघाला. हत्तीच्या पायाखाली लोखंडी चौकट घातली, चौकटीखाली प्लास्टिकचे मोठे निळे ड्रम बांधले, आणि दोरखंडानं सगळं घाटाच्या कड्यांना अडकवलं. आता पाणी चढलं की हत्तीही चढायचा, उतरलं की उतरायचा. पाणी मात्र कायम त्याच्या गुडघ्याला.

फलक तोच राहिला.

झेंडा बदलायला माणूस हवा, म्हणून समितीनं प्राजक्ताला नेमलं. ती खकनारकडची, भूगोल शिकलेली. नोकरी कच्ची होती, दर काही महिन्यांनी मुदत वाढवून घ्यायची. पहिल्या दिवशी सुधाकररावांनी तिला खुर्ची दिली, छत्री दिली, तीन झेंडे दिले आणि काम समजावून सांगितलं.

“हे बघा प्राजक्ताताई, नदीकडे बघायचं नाही. नदीकडे बघून प्रत्येकाचं मत वेगळं होतं. आपण हत्तीकडे बघायचं.”

“पण सर, हा हत्ती तर तरंगतो.”

“म्हणून तर सुरक्षित आहे. हत्ती सुरक्षित तर नदी सुरक्षित.”

तेव्हापासून झेंडा हिरवाच होता.

आषाढातल्या सप्तमीला ताप्तीमाईची जयंती असते. त्या दिवशी माईला चुनरी नेसवतात. साडीला साडी जोडत एक लांबलचक पट्टा करायचा आणि नावेतून या काठावरून पलीकडे जैनाबादच्या काठापर्यंत न्यायचा. आजवर हे काम नावाडी आणि पट्टीचे पोहणारे करत आले. या वर्षी समितीनं ठरवलं की चुनरी शाळेच्या मुलांनी न्यायची. रंगीत नावांत पिवळे कपडे घातलेली मुलं, त्यांच्या हातात चुनरी, समोर हसरा हत्ती. राजधानीतून एक मोठे पाहुणे येणार होते. त्यांना असं दृश्य आवडतं, असं भूपेंद्रभाऊंना कुणीतरी सांगितलं होतं.

जयंतीच्या सकाळी ऊन पडलं होतं. मांडव लागला, सनई सुरू झाली. राजपुऱ्यातल्या शाळेतून अलका मॅडम सहावीची मुलं घेऊन आल्या. मुलांसाठी केशरी लाइफ जॅकेटंही आणली होती, पण ती पाहुणे येईपर्यंत प्लास्टिकच्या पिशव्यांतच ठेवायची होती, नाहीतर मळली असती.

तेवढ्यात प्राजक्ताचा फोन वाजला. तिची मालूमावशी नदीच्या वरच्या अंगाला देडतलाईजवळ राहते.

“प्राजू, कुठं हायेस?”

“घाटावर मावशी. आज जयंती ना.”

“काठाला नको बसू माय. इथं रातीपासून पाणी चढू राहिलं. आमचा नाल्यावरचा रपटा पूल गेला पाण्याखाली. आत्ताच कोणाच्या तरी गोठ्याचं छप्पर वाहत गेलं. वर कोंबडा.”

“कोंबडा?”

“हो ना! आरवत चालला होता मेला. दुपारपर्यंत तुमच्याकडं येईल. आला तर धरून ठेव.”

प्राजक्तानं फोन ठेवला आणि पहिल्यांदाच हत्तीकडे पाठ करून नदीकडे पाहिलं. पाणी कालच्यापेक्षा गढूळ होतं. कडेला फेसाची रेघ होती, आणि मधल्या धारेतून सुकलेल्या काटक्या, तुराट्या, एक प्लास्टिकची घागर असं सामान घाईनं चाललं होतं. पात्रातला दगडी हत्ती तर तीन दिवसांपासून दिसतच नव्हता.

ती सुधाकररावांकडे गेली. ते मांडवात स्वागताचे हार मोजत होते.

“सर, वर पूर आहे. दुपारपर्यंत इथं येईल. मुलांना नावेत नको बसवायला.”

“हत्तीचं काय म्हणणं आहे?”

“हत्ती गुडघ्यालाच आहे. तो काय म्हणणार? त्याच्याखाली ड्रम आहेत.”

“पाणी हत्तीला कुठं लागतं, एवढंच नियमात आहे. हत्ती कशावर उभा आहे, हा प्रश्न नियमात नाही.” सुधाकररावांनी हार बाजूला ठेवला. “ताई, याच महिन्यात तुमची मुदत संपते. भाऊ तुमच्यावर खूश आहेत. कशाला उगाच?”

मग ती भूपेंद्रभाऊंकडे गेली. त्यांनी तिला आभाळ दाखवलं.

“अरे बेटा, ऊपर देखो. धूप है. पाऊस कुठं आहे?”

“बैतूलला, भाऊ.”

“मग बैतूलचा पाऊस बैतूलमध्ये पडेल ना! टेन्शन नका घेऊ.”

प्राजक्ता खांबापाशी आली आणि तिनं स्वतःच्या जबाबदारीवर पिवळा झेंडा चढवला. खांबापाशी ताटकळत बसलेल्या कार्यकर्त्यानं, प्रशांतनं, तो पाच मिनिटांत उतरवला आणि सुधाकररावांचा निरोप दिला, “सर विचारतात, हत्तीला विचारलं का म्हणून.”

आता तिच्या लक्षात आलं की नुसता लाल झेंडा चढवून भागणार नाही. तो उतरवतील आणि मुलांना नावेत बसवतील. कुणालाही उतरवता येणार नाही असा लाल झेंडा हवा होता.

नावाडी कडू नावेत पाय पसरून बसला होता. त्याचं उभं आयुष्य या पाण्यावर गेलेलं.

“कडूदादा, तुम्हीच सांगा. हे पाणी नाव घालण्यासारखं आहे का?”

कडूनं नदीकडे पाहिलंच नाही. त्यानं मान वर करून खांबाकडे पाहिलं. “हिरवा हाय की.”

“झेंड्याचं नाही, पाण्याचं विचारते.”

“ताई, आधी मीच पाणी बघत होतो. कधी चुकलं तर लोक मला शिव्या घालायचे. आता झेंडा हाय. चुकलं तर झेंड्याला घालतील.” तो हसला. “हिरवा हाय तर नाव. लाल झाला तर चाय.”

अलका मॅडमची तऱ्हा वेगळी नव्हती. त्या मायाळू बाई होत्या, पण मुख्याध्यापकांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की मुलं नावेत दिसली पाहिजेत. “झेंडा लाल असता तर मी या मिनिटाला मुलांना परत नेलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण हिरव्या झेंड्यावर परत नेलं तर मला विचारतील, तुम्ही हत्तीपेक्षा शहाण्या का?”

असा सगळा मामला होता. नावाडी झेंड्याकडे बघत होता, शाळा झेंड्याकडे बघत होती, झेंडा हत्तीकडे बघत होता, आणि हत्ती हसत होता. नदीकडे बघायला कुणी उरलं नव्हतं.

पाहुणे अकराला येणार होते. ते वेळेवर आले असते तर ही गोष्ट घडलीच नसती, चुनरी नेसवून सगळे जेवायला गेले असते. पण मोठ्या माणसाचा उशीर त्याच्या मोठेपणाच्या मानानं असतो, आणि हे पाहुणे फारच मोठे होते. बारा वाजले, एक वाजला. सनईवाल्यांनी डबे सोडले. मुलं कंटाळली आणि एकमेकांना ढकलू लागली, म्हणून प्राजक्तानं त्यांना पायऱ्यांवर बसवलं.

“नदी कशी ओळखायची, शिकायचं का?”

“नदीला काय ओळखायचं?” गोटू म्हणाला. गोटू वर्गातला गुबगुबीत, बोलका पोरगा. “ती काय पळून जाणार आहे का?”

“पळूनच तर चालली आहे. ती काडी आण.”

तिनं पाण्याच्या अगदी कडेला, पायरीच्या फटीत काडी खोचायला लावली. मग प्रत्येकाला एकेक पान दिलं. “एक पान काठाशी टाका आणि त्याच्याबरोबर चाला. चालता चालता मागं राहिलात तर पाणी तुमच्यापेक्षा हुशार आहे.” मुलांनी पानं टाकली. काठाशी टाकलेल्या पानाबरोबर त्यांना धावावं लागलं. गोटू धापा टाकत परत आला.

“आता रंग बघा. कसा आहे?”

“चहासारखा,” हिमानी म्हणाली. ही दोन वेण्यांची, शांत मुलगी.

“कोणाच्या घरच्या चहासारखा?”

“आमच्या. दूध थोडं असतं.” मग तिनं पुन्हा पाहिलं. “सकाळी आलो तेव्हा दूध जास्त होतं. आता कमी झालं.”

“शाबास. म्हणजे वरून माती येतेय. पाणी साधं असतं तेव्हा काठ जसाच्या तसा दिसतो. नवं पाणी येतं तेव्हा रंग बदलतो, फेस येतो, कचरा येतो, आणि काठ सरकतो. काठ सरकला का, ते कसं कळणार?”

“काडीवरून!” असं म्हणत गोटू काडीकडे धावला आणि तिथूनच ओरडला, “ताई, काडी हरवली!”

“हरवली नाही. जिथं खोचली तिथंच आहे.”

मुलं कडेशी जमली. काडीच्या वर हातभर पाणी होतं. अलका मॅडम मागं उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी मुलांना तीन पायऱ्या वर घेतलं. मग खांबाकडे पाहिलं आणि पदराला घाम पुसला. झेंडा हिरवा होता.

तीनच्या सुमाराला गाड्यांचे भोंगे वाजले. पाहुणे येत होते. सुधाकररावांनी शेवटची नजर फिरवली आणि त्यांच्या लक्षात आलं की हत्तीला हारच घातला नाही. त्यांनी प्रशांतला हार घेऊन पिटाळलं. प्रशांत अंगानं भरलेला गडी. त्यानं दोर ओढून हत्ती पायऱ्यांजवळ आणला आणि चौकटीवर पाय ठेवून हत्तीच्या गळ्याशी पोचला. हत्तीखालची चौकट खचली. पाणी गुडघ्यावरून मांडीवर आलं. प्रशांत हार घालून उतरला आणि हत्ती पुन्हा गुडघ्यावर आला.

प्राजक्ता खुर्चीतून उठली.

तिनं आधी दोरखंड पाहिले. दोन्ही कड्यांना पक्के होते. मग घाटावरचा बांबू घेऊन हत्तीखालचं पाणी चाचपलं. तिथं खाली पायरीच होती, पाणी छातीइतकं. चार मोठी माणसं पडली तर भिजतील, बुडणार नाहीत. तरी तिनं आणखी एक दोर चौकटीला अडकवून त्याचं टोक कडूच्या हातात दिलं.

पाहुणे पायऱ्या उतरून आले. गोरेपान, शुभ्र कुर्ता, पायात नव्या मोजड्या. सनई पुन्हा सुरू झाली. भूपेंद्रभाऊंनी हार घातला, नदी दाखवली, झेंडा दाखवला, हत्ती दाखवला.

“वा! क्या सिस्टम है,” पाहुणे म्हणाले. “मुलं तयार आहेत?”

“एकदम तयार, साहेब. आधी फोटो घेऊ या का? हत्तीसमोर?”

“भाऊ,” प्राजक्ता पुढं होऊन नम्रपणे म्हणाली, “समोर कशाला? हत्तीवरच घ्या ना. वर साहेब, शेजारी तुम्ही. आणि सगळे पदाधिकारीही असायला हवेत. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, मला सोडून फोटो काढला.”

हे वाक्य कुठल्याही समितीत वाया जात नाही.

हत्ती म्हणजे गणपतीचंच रूप, म्हणून पाहुण्यांनी मोजड्या काढल्या. मुलांच्या चपला नावेत बसायच्या तयारीनं खालच्या ओट्यावर रांगेत लावलेल्या होत्या. त्यांच्या शेजारी मोजड्या ठेवल्या गेल्या. पाहुणे हत्तीच्या पाठीवर बसले. त्यांच्या मागं भूपेंद्रभाऊ चढले आणि पाणी हत्तीच्या मांडीला लागलं. उपाध्यक्ष चढले. कोषाध्यक्ष चढले. सुधाकरराव सोंडेपाशी उभे राहिले. सल्लागार मंडळातले दोघे कोपऱ्यात जागा करून घुसले, कारण फोटो पेपरात येणार होता. हत्ती जड श्वास सोडावा तसा खाली खाली गेला. पोट भिजलं. सोनेरी झूल भिजली. पाणी पाठीवरून वाहू लागलं आणि पाहुण्यांच्या कुर्त्याचा घोळ तरंगायला लागला.

प्राजक्तानं हिरवा झेंडा उतरवला. पोटाला पाणी लागलं तेव्हा पिवळा चढवला. पाठीला लागलं तेव्हा तो उतरवून लाल चढवला. नियमात जसं सांगितलं तसं, एकही पायरी न गाळता.

कडूनं वर पाहिलं. “लाल झाला,” असं म्हणत त्यानं दोर कड्याला बांधला आणि चहा ठेवायला चालू लागला.

“ए! कुठं चालला?” भूपेंद्रभाऊ हत्तीवरून ओरडले. “प्राजक्ता! ये क्या लगा दिया? लाल का लावला?”

“हत्तीच्या पाठीवर पाणी आहे, भाऊ. फलकावर लिहिलंय.”

“अरे, पाणी नाही वाढलं! आपल्या वजनानं हत्ती खाली गेला!”

“मग सकाळपासून वर कशानं होता?”

भूपेंद्रभाऊंनी सुधाकररावांकडे पाहिलं. सनई थांबली. सुधाकरराव आयुष्यभर विचारलेल्या प्रश्नाला अचूक उत्तर देत आले होते. ती सवय आडवी आली आणि ते म्हणाले,

“ड्रममुळे.”

“कसले ड्रम?” पाहुण्यांनी विचारलं.

“खाली ड्रम आहेत, साहेब. म्हणजे... हत्ती तरंगता आहे.”

“तरंगता आहे? मग हा पाणी मोजतो कसा?”

सुधाकररावांनी फलकाकडे बोट दाखवलं.

“अरे, मी विचारतो, आत्ता पाणी किती आहे? नेमकं किती आहे?” पाहुणे कमरेपर्यंत भिजले होते, त्यामुळे हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला.

समितीच्या एकेका माणसानं दुसऱ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी सवयीनं हत्तीकडे पाहिलं, पण ते तर हत्तीवरच बसलेले होते.

“साहेब,” गोटू वरच्या पायरीवरून ओरडला, “तुमच्या चपला चालल्या!”

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. ओटा कुठंच नव्हता. जिथं ओटा होता तिथून मुलांच्या चपला एकामागून एक शिस्तीत निघाल्या होत्या, जणू शाळा सुटलीय. त्यांच्या मध्ये पाहुण्यांच्या मोजड्या सोबतीनं चालल्या होत्या. धारेला लागताच त्या सगळ्या एकदम धावत सुटल्या.

“पकडो! अरे पकडो उसको!” भूपेंद्रभाऊ ओरडले.

प्रशांत पाण्यात उडी घ्यायला पुढं झाला तोच अलका मॅडमनी त्याचा सदरा मागून धरला. “कुणीही पाण्यात जायचं नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला होता. “लाल झेंडा आहे. मुलांनो, वर चला. सगळ्यात वर. गोटू, मागं बघायचं नाही.”

मुलं वर निघाली. पण मागं सगळ्यांनीच पाहिलं, कारण नदीच्या मधोमध, जिथून रंगीत नावा जायच्या होत्या नेमकं तिथून, गोठ्याचं एक अख्खं छप्पर गरगरत आलं. वर एक कोंबडा बसला होता. तो आरवत नव्हता, आता त्याचा घसा बसला असावा. छपराचा कोपरा बाहेर धारेत बांधलेल्या एका रंगीत नावेला लागला. नाव उलटी झाली आणि छपराबरोबर निमूट चालू लागली.

हे दृश्य पाहून समिती हत्तीवरून ज्या वेगानं उतरली, त्या वेगानं ती आजवर कुठल्याही कामाला लागली नव्हती. भार उतरला तसा हत्ती उसळून वर आला आणि पुन्हा गुडघाभर पाण्यात हसत उभा राहिला. पण या वेळी त्याला कुणी काही विचारलं नाही.

चुनरीचं काय करायचं, हा प्रश्न राहिला होता. पुजाऱ्यांनी तो सोडवला. एक टोक घाटाच्या कड्याला बांधलं आणि दुसरं पाण्यात सोडलं. माईनं साडीमागून साडी आपल्या हातानं ओढून घेतली. पाहुण्यांनी दुरून हात जोडले आणि अनवाणी गाडीत जाऊन बसले. जाताना म्हणाले, “सिस्टम अच्छा है. लाल वेळेवर लागला.” भूपेंद्रभाऊंनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

संध्याकाळी त्यांनी प्राजक्ताला फोन केला. साहेबांच्या मोजड्या वाहून गेल्या, त्यांना पाण्यात बसावं लागलं, हे बरं झालं नाही, असं ते म्हणाले. झेंड्याबद्दल काही बोलले नाहीत. उद्यापासून यायची गरज नाही, एवढं मात्र सांगितलं. घाटच पाण्याखाली आहे, मग निरीक्षण कशाचं करणार?

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. खालच्या सगळ्या पायऱ्या, मांडवाची जागा, तिची खुर्ची ठेवायचा ओटा, सगळं नदीत होतं. फलकाचा वरचा काठ तेवढा दिसत होता. दोरखंड तुटून हत्ती गेला होता. इच्छापूरकडच्या एका केळीच्या बागेत सापडला म्हणून त्याचा फोटो गावभर फिरत होता. मंडळी म्हणत होती, बघा, अजूनही गुडघाभरच पाण्यात आहे.

ती वरच्या पायरीवर बसली तोच मागून आवाज आला.

“तूच का गं ती झेंडेवाली?”

गोटूची आजी मथुराबाई. एका हातात गोटूचा दंड, दुसऱ्या हातात छत्री.

“मीच आजी.”

“आमच्या पोराची चपल गेली. नवी होती. मागच्या बाजारात घेतली होती, अजून टाचसुद्धा झिजली नव्हती. तुम्ही लोक पोरांना बोलावता, चपला काढायला लावता, आणि त्या सांभाळायला माणूस नाही ठेवत?”

“आजी, चपल गेली, पण...”

“पण काय? सकाळपासून शाळेत जात नाही म्हणतो. म्हणे, पायात काय घालू? आता हा दिवसभर घरात बसून माझं डोकं खाणार. काल दुपारपासून बोलतच आहे हा. काडी काय, पान काय, कोंबडा काय...”

“दोनदा आरवला, आजी,” गोटू म्हणाला.

“गप. एकदाही आरवला नाही म्हणत होतास रात्री.”

मथुराबाई बोलता बोलता पुढं आल्या आणि तेव्हाच त्यांची नजर खाली गेली. समोर या काठापासून त्या काठापर्यंत लाल पाणी होतं. मधून एक झाड मुळांसकट चाललं होतं, कुणीतरी घाईनं सामान हलवावं तसं. काल मुलांना ज्या पायरीवरून नावेत बसवायचं होतं, ती पायरी कुठं असेल याचा अंदाजही लागत नव्हता. मथुराबाईंनी छत्री मिटली. गोटूचा दंड सोडून मनगट धरलं, आणि ते इतकं घट्ट की तो “आजी, दुखतंय,” म्हणाला.

त्यांनी हात सैल केला नाही. मग प्राजक्ताच्या शेजारी पायरीवर बसल्या, गोटूला मांडीशी ओढून घेतलं आणि पिशवीतून डबा काढून तिच्यासमोर धरला. आत सांज्याच्या पोळ्या होत्या.

“खा,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, “पण चपल नवी होती हं.”